खाडीच्या वाट्याचं पाणी

आमच्या जालना जिल्ह्यात पाण्यावर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं : कोकणातलं पाणी समुद्रात वाया जातं. पारावर येतं, लग्नाच्या मांडवात येतं, प्रचारसभेत तर येतंच येतं. बोलणाऱ्याला दोष देता येत नाही. 2012-13 च्या दुष्काळात ज्याने पोटच्या पोरासारखी वाढवलेली मोसंबीची बाग स्वतःच्या हाताने तोडली, त्याला समुद्राकडे निघालेला प्रत्येक थेंब आपल्या तोंडचा वाटणारच. ‘जालना सोने का पालना’ म्हणून मिरवणाऱ्या शहराने त्या साली घागर-घागर पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली. घाणेवाडीचा जुना तलाव आटला होता आणि पैठणहून येणारं पाणी अजून नळाला पोचायचं होतं. माझं गाव घनसावंगी तालुक्यात, गोदाकाठी. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी हे बंधारे आमच्याच पट्ट्यातले. तरीही कोरडी गोदावरी आम्हाला नवी नाही.

पण त्या वाक्यातला समुद्र आमच्याकडच्या फार थोड्यांनी पाहिलेला असतो. पाहिला तरी गणपतीपुळ्याच्या किंवा अलिबागच्या वाळूत उभं राहून. नदी समुद्राला मिळते ती जागा, म्हणजे खाडी, पुलावरून जाताना मिनिटभर दिसते आणि गाडी पुढे निघून जाते. पाणी वाया जातं म्हणतात ते जिथे जातं, तिथे पाण्याच्याच वेगाने जावं, असं फार दिवस मनात होतं. त्यासाठी मी चिपळूणची वाशिष्ठी निवडली. गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीने निघायचं आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर खाली, मुखाशी असलेल्या दाभोळला होडी बांधायची, असा बेत ठरला.

वाशिष्ठीच का, याला कारण आहे. या नदीत दोन नद्यांचं पाणी वाहतं. एक तिचं स्वतःचं, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडणाऱ्या पावसाचं. दुसरं कोयनेचं. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या पाण्याची. धरणात अडवलेलं तिचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांमधून पश्चिमेला वळवतात आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली सोडतात. 1962 पासून हे चालू आहे. चारही टप्पे धरून या प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट. वीज काढून झाल्यावर उरतं त्याला तिकडे ‘अवजल’ म्हणतात, आणि ते वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायला मान्यता दिली. आमच्या जायकवाडीचा उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास. म्हणजे मराठवाड्याचा प्राण असलेल्या या नाथसागराच्या जवळपास बरोबरीचं पाणी दर वर्षी सह्याद्री ओलांडून चिपळूणला उतरतं. वाया जाण्याची गोष्ट करायची तर ती इथेच तपासून बघायला हवी.

मुंबईमार्गे रेल्वेने सोयीने जाता आलं असतं. मी रस्त्याने गेलो, नद्या ओलांडत. शहागडला गोदावरी, पुढे भीमा, कराडला कृष्णा. सगळ्या पूर्वेकडे निघालेल्या. गोदावरी उगम पावते ती अरबी समुद्रापासून ऐंशी किलोमीटरवर, पण त्याच्याकडे पाठ फिरवून साडेचौदाशे किलोमीटर चालते आणि आंध्रात समुद्राला मिळते. कराडनंतर रस्ता कोयनेच्या काठाने वर चढत जातो. पाटण, कोयनानगर, हेळवाक, आणि मग कुंभार्ली घाट. घाटमाथ्यावर उभं राहिलं की पाठीमागचं पाणी पूर्वेचं आणि पायाखालच्या दरीतलं पश्चिमेचं. उतरताना पोफळी लागते. अवजलाचा कालवा पाहायला थांबलो. हिरवट, थंड, जोरात पळणारं पाणी. मार्गशीर्ष चालू होता. आमच्याकडे या दिवसांत विहिरीला किती परस पाणी उरलं याची मोजदाद सुरू होते, आणि इथे कालवा दोन्ही काठ भरून चालला होता. पाहून पोटात कालवलं, हे लपवत नाही.

चिपळूणला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे सातशेच्या आगेमागे. आणि तरीही या तालुक्यातल्या उंचावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही, बघता बघता खाडीला जातं. उलट 22 जुलै 2021 ला याच नदीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले होते. ते वाचलं तेव्हा मला घाणेवाडी आठवली होती. जालन्याच्या नागरिकांनीही पदरमोड करून तलावातला गाळ उपसला होता. आम्ही गाळ काढला तो पाणी थांबावं म्हणून, त्यांनी मागणी केली ती पाणी निघून जावं म्हणून.

गोवळकोट चिपळूणला लागूनच आहे. वर टेकडीवर गोविंदगड, पायथ्याशी करंजेश्वरीचं देऊळ, आणि गडाला तिन्ही बाजूंनी खाडीचा वेढा. एके काळी हे घाटावरच्या मालाचं बंदर होतं. कापूस, गूळ असा माल बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली उतरून इथे येई, गलबतांत चढे आणि भरती-ओहोटीच्या आधाराने दाभोळमार्गे मुंबईला जाई. आमच्याकडे 1900 साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली आणि जालन्याचा कापूस रुळावर चढला, तसा इथला माल पुढे ट्रकवर चढला. आता धक्क्यावर मगरी दाखवणाऱ्या पर्यटकांच्या होड्या असतात आणि थोड्या मासेमारीच्या.

होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, साठीचा, याच खाडीकाठच्या गावातला, जातीने भोई. आमच्या गोदाकाठीही भोई आहेत, त्यामुळे ओळख निघायला वेळ लागला नाही. मी त्यांना आमच्या सवयीने मामा म्हटलं, ते मला पाव्हणे म्हणाले. आमच्याकडे नदी कशी ओलांडतात, असं त्यांनी विचारलं. बंधारे झाल्यापासून जिथून पूर्वी उन्हाळ्यात चालत पलीकडे जायचो, तिथे आता खोल पाणी असतं आणि चप्पूवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून माणसं पैलतीरी जातात, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. “तराफ्यावर पोरं-बाळं नका बसवू हां,” एवढंच म्हणाले.

निघायची वेळ त्यांनी तिथीवरून काढली होती. त्या दिवशी द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते : बाराची पाऊणपट नऊ. मुखाशी नऊला भरती, वर गोवळकोटला पाणी भरायला त्यानंतर तास-दीड तास. म्हणजे साडेदहाला निघालो तर ओहोटी पाठीशी घेऊन दुपारी तीनपर्यंत दाभोळ. आमच्या घरात एकादशीला उपास आणि द्वादशीला पारणं, एवढाच तिथीचा उपयोग. पेरणीला आम्ही नक्षत्र बघतो, मृग-आर्द्रा. इथे चंद्र रोजच्या पोटापाण्याचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे लहान, आणि त्यावर जाळं कधी टाकायचं, होडी कधी लोटायची, बायकांनी तिसऱ्या (शिंपल्या) वेचायला कधी उतरायचं, सगळं ठरलेलं.

होडी फायबरची, मागे इंजिन, पुढे नाळेवर एक तरुण खलाशी. धक्का सुटला तेव्हा पाणी वळलंच होतं. ओहोटी लागल्याची खूण मामांनी दाखवली : काठावरच्या तिवरांच्या बुंध्यांवर ओली रेघ उमटली होती, पाण्याच्या बोटभर वर. मी त्या रेघेवर डोळा ठेवला. पहिल्या अर्ध्या तासातच ती वीतभर वर गेली, म्हणजे पाणी वीतभर खाली. धरणाची पातळी पेपरात टक्क्यांत वाचणाऱ्या माणसाला नदी अशी डोळ्यांदेखत उतरताना आणि तरीही कुणी घाबरलेलं नाही हे पाहणं फार वेगळं वाटतं. संध्याकाळी ती परत चढणार, हे सगळ्यांना ठाऊक.

वरच्या टप्प्यात मगरी आहेत. पहिली दिसली ती चिखलाच्या उतारावर, जबडा उघडा टाकून उन्हात पडलेली. इंजिन बंद केलं तरी हलली नाही. दुसरी आमचा आवाज ऐकून सरळ पाण्यात सरकली आणि दिसेनाशी झाली. मगर हा मुळात गोड्या पाण्याचा प्राणी. मार्गशीर्षात, पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झाल्यावरही, समुद्राच्या भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे ती सुखाने राहते, याचं मोठं कारण वरून येणारं अवजल. याच पाण्यावर चिपळूण शहराची नळयोजना चालते. कोयनेची वीजनिर्मिती थांबली की इथे नळ कोरडे पडायची वेळ येते. तेव्हा ‘वाया’ जाणाऱ्या पाण्याचा पहिला ग्राहक इथेच, गोवळकोटच्या वरच भेटला होता.

खाली-खाली जावं तशी खाडी रुंदावत गेली. भिले, केतकी, करंबवणे, मालदोली अशी गावं दोन्ही अंगांना येत गेली. प्रत्येक गावाचा खाडीकडचा चेहरा सारखा : दगडी पाखाडी उतरून पाण्यापर्यंत आलेली, माडांची रांग, उलट्या घातलेल्या एक-दोन होड्या. उत्तरेकडून खेडची जगबुडी येऊन मिळते. तिथून पुढे पाण्याचा विस्तार असा की आमच्या भरल्या गोदेलाही मागे टाकील. पाण्याची चव मी मधून मधून बघत होतो. गोवळकोटला गोडं, मग मचूळ, मग जिभेला टोचणारं. हा बदल कुठल्या एका ठिकाणी होत नाही. भरतीला मीठ वर चढतं, ओहोटीला खाली उतरतं, पावसाळ्यात पार मुखापर्यंत हटतं. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला तर ते आणखी वर येईल आणि काठच्या विहिरी, भाताची खाचरं खारी होतील. खाडीकाठी जागोजाग मातीचे बांध घातलेले दिसले, भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून. बांध माणूस घालतो, पण मिठाला मागे रेटण्याचं मोठं काम नदीच करते. ते काम करणारं पाणी आमच्या हिशेबात ‘वाया’ या रकान्यात पडलेलं असतं.

दुपारी एकच्या सुमारास मामांनी होडी एका आडव्या फाट्यात घातली. दोन्ही बाजूंना कांदळवन. इंजिन बंद करून खलाशाने बांबूने होडी रेटली. इथे मी बराच वेळ थांबायला लावलं, कारण पाहायचं होतं ते इथेच होतं. पाणी उतरल्यामुळे तिवरांच्या झाडांभोवतीचा चिखल उघडा पडला होता आणि त्यातून शेकडो बोटभर मुळं सरळ वर आलेली. ही श्वास घेणारी मुळं, चिखलात हवा मिळत नाही म्हणून बाहेर डोकावणारी. पलीकडे कांदळाची झाडं कमानीसारख्या मुळांवर उभी. त्यांच्या फांद्यांना हातभर लांबीच्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या. खलाशाने एक तोडून हातात दिली. ती शेंग नव्हे, झाडावरच रुजलेलं रोप. कांदळाचं बी जमिनीवर पडून उगवायची वाट बघत नाही. आईच्या अंगावरच कोंब फुटतो, वाढतो, आणि तयार झाला की खाली सुटतो. ओहोटी असेल तर चिखलात रुततो, भरती असेल तर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतो. मी ते रोप चिखलात रोवून दिलं.

झाडांच्या मुळांशी पाणी उरलं होतं त्या डबक्यांत वाकून बघितलं तर सगळं पाणी हलत होतं. नखाएवढ्या कोळंब्या, पारदर्शक, फक्त डोळे काळे. बारीक मासे, बोटाच्या पेराएवढे. चिखलावर एक नांगी लाल असलेले खेकडे. समुद्रात पकडले जाणारे कितीतरी मासे आणि कोळंबी बालपण काढतात ते अशा खाड्यांत. नदी गाळ आणते, कुजलेला पाला आणते, गोडं पाणी आणते, आणि त्या मिश्रणावर ही पिल्लं पोसतात. मुंबईच्या बाजारातल्या कोळंबीच्या टोपलीत अशा नद्यांच्या पावसाचा वाटा असतो. राज्य सरकारने 2012 साली कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढला आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. आमच्याकडे शाळेत आंबा हा राज्यवृक्ष आणि शेकरू हा राज्यप्राणी एवढं पाठ करून घेतात. चिपीचं नाव आमच्या मुलांनी ऐकलेलं नाही.

फाट्याच्या तोंडाशी चार-पाच बायका गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या वेचत होत्या. हाताने चाचपायचं, सापडलं की कमरेच्या टोपलीत. एकीने मान वर न करता मामांना विचारलं, “कोण ओ हे?” मामा म्हणाले, “घाटावरचे. जालन्याचे. पाणी बघायला आलेत.” तिने एकवार माझ्याकडे पाहिलं. “पाणी बरं आहे अजून. पण पूर्वीसारखं मावरं नाय राहिलं बघा,” असं म्हणून पुन्हा कामाला लागली.

ते का राहिलं नाही, ते मामांनी पुढच्या वाटेवर सांगितलं, आणि ते कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. वर डोंगरावर लोटे-परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. तिथलं सांडपाणी खाडीत येतं आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो, ही इथल्या भोई समाजाची जुनी तक्रार. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज, मोर्चे, आंदोलनं केली आहेत. त्यात भर वाळूची. पूर्वी माणसं बुडी मारून हातपाटीने वाळू काढत, आता पंप लावून तळ खरवडला जातो. गोदाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शहागडपासून खाली आमच्या नदीच्या पोटातून वाळू कशी गेली, ते आम्ही रात्री झोपेत ट्रकच्या आवाजावरून मोजलेलं आहे. दोन नद्या, दोन समुद्र, आणि नदीचा घात करायची रीत एकच. पाणी समुद्रात जातं म्हणून आम्ही हळहळतो, पण ते कुठल्या अवस्थेत जातं याची हळहळ खाडीवरच्या या चार-दोन हजार कुटुंबांवर सोडून दिली आहे. मला हा या प्रवासातला सर्वांत खरा सल वाटतो.

तीन वाजायच्या सुमारास दाभोळ दिसलं. उजव्या हाताला डोंगराच्या कुशीत गाव, धक्का, रंगीत ट्रॉलरांची दाटी, आणि त्या सगळ्यांच्या वर मशिदीचा घुमट. डाव्या हाताला, पलीकडच्या गुहागरच्या अंगाला, धोपावे. मधून फेरीबोट गाड्या घेऊन ये-जा करत होती. 2003 साली ही सुरू झाली आणि दापोली-गुहागरचा केवढा तरी वळसा वाचला.

होडी बांधणं हे काम मी लक्ष देऊन पाहिलं. पाणी तेव्हा पूर्ण सुकतीला आलं होतं, धक्क्याची भिंत दीड-दोन पुरुष उघडी, शेवाळाने काळी. नवखा माणूस होडी धक्क्याला घट्ट बांधून मोकळा होईल, आणि रात्री भरतीला दोर सैल पडून होडी शेजारच्या ट्रॉलरवर आपटेल, किंवा उलट भरतीला घट्ट बांधली तर ओहोटीला दोराला लोंबकळत राहील. मामांनी आधी नाळ समुद्राकडे केली, धक्क्यापासून बऱ्याच अंतरावर नांगर टाकला आणि दोर हळूहळू सोडत होडी मागे येऊ दिली. दोरावर तळहात ठेवून ते थांबले. चिखलात नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो. थरथर थांबली, दोर ताणला, “धरला,” म्हणाले. मग मागचा दोर धक्क्यावरच्या लोखंडी कडीतून ओवून परत होडीत घेतला, म्हणजे सैल-घट्ट करायला धक्क्यावर चढावं लागू नये. किती ढील ठेवायची ते त्यांनी भिंतीवरच्या भरतीच्या खुणेकडे बघून ठरवलं. त्या खुणेपर्यंत होडी चढली तर दोर किती लागेल, तेवढा. रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या भरतीला मी मुद्दाम धक्क्यावर जाऊन पाहिलं. होडी आता माझ्या पायांच्या पातळीवर होती, दोर ना ताणलेला ना लोळत. आमच्याकडे बैल गोठ्यात बांधताना गाठ घट्ट हवी. इथे जी वस्तू बांधायची ती रोज दोनदा पुरुषभर वर-खाली होणार, हे धरूनच गाठ मारायची.

दाभोळ आज शांत गाव आहे. पण पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी बीदरच्या बहमनी राज्याचं हे मोठं बंदर होतं. अरबस्तानातले घोडे इथे उतरत आणि घाट चढून दख्खनेत जात. तेव्हाचा आमचा बहुतेक मुलूखही बहमनींच्याच अमलाखाली. म्हणजे मराठवाड्याचा माणूस दाभोळला येणं यात नवल नव्हतं, आज ते वाटतं एवढंच. अफानासी निकीतिन हा रशियन व्यापारी बीदरला राहून परत निघाला तो 1472 च्या सुमारास दाभोळहूनच जहाजात बसून होर्मुजला गेला. 1508 च्या डिसेंबर अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हे शहर जाळलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं, विजापूरकरांकडे राहिलं, आणि 1660 नंतर शिवाजी महाराजांकडे आलं. खाडीकाठची शाही मशीद त्याच सुमाराची, 1659-60 ची. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. विजापूरची आयेशाबीबी मक्केला निघाली होती, पुढे जाणं झालं नाही, म्हणून जवळचं द्रव्य तिने या मशिदीला लावलं, अशी कथा गावात सांगतात. चार मिनार, मधे घुमट, दगडी काम विजापुरी वळणाचं. संध्याकाळी पायऱ्यांवर बसलो तर समोर फेरीबोटीचा भोंगा आणि मागे अजान. गावाच्या वरच्या अंगाला चंडिकादेवीचं भुयारातलं देऊळ. आत विजेचा दिवा नाही, फक्त समया. वाकून, हात भिंतीला लावून आत जावं लागतं आणि डोळे सरावल्यावर शेंदरी मूर्ती दिसते.

जेवायला एका घरी सोय झाली. तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी, सोलकढी. घरच्या मावशींनी हात धुवायला पाणी दिलं ते तांब्याभरच, मोजून. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते म्हणाल्या. दारात एवढी खाडी आणि पिण्याच्या पाण्याची ही कसर. त्या ओट्यावर बसून मी त्यांना आमचे 2013 चे टँकर सांगितले, त्यांनी मला त्यांच्या वाडीची मे महिन्यातली पायपीट सांगितली. पाण्याच्या बाबतीत कोकण सुखी आहे हा समज तिथेच संपला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती चढत असताना मुखापर्यंत गेलो. दक्षिण तीरावर अंजनवेलचा गोपाळगड, त्याच्या अलीकडे एन्रॉनने उभारलेला वीजप्रकल्प. तो गुहागर तालुक्यात, पण जगभर ओळखला गेला दाभोळच्या नावाने. 2001 साली तो बंद पडला, पुढे दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. कोयनेची वीज नदीच्या डोक्याशी आणि वायूवरची ही वीज नदीच्या मुखाशी, दोन्ही एकाच वाशिष्ठीच्या अंगावर. मुखाशी वाळूचा दांडा आहे. त्यावर लाटा फुटताना दिसत होत्या आणि मामा त्याला लांबून वळसा घालून होडी काढत होते. पाण्याचा रंग तिथे दोन प्रकारचा : आतला मातकट हिरवा, बाहेरचा निळा, आणि मधली सीमा स्पष्ट. त्या सीमेवरच मासेमारीच्या होड्या दाटीने उभ्या होत्या. मासे तिथेच असतात, कारण नदीचं खाद्य तिथे सुटतं. डोक्यावर ब्राह्मणी घारी फिरत होत्या.

तिथे होडी थोपवून मामांनी मला विचारलं, “बघितलंत काय पाणी?” बघितलं म्हणालो. जे बघितलं त्यावरून माझं मत झालं आहे ते स्पष्ट लिहितो. वाशिष्ठीचं स्वतःचं पावसाचं पाणी वाया जात नाही. ते खाडीचं आहे, कांदळवनाचं, कोळंबीचं, काठच्या विहिरींचं आणि भोई-खारवी-दाल्दी कुटुंबांचं. त्याला हात लावू नये. कोयनेच्या साडेसदुसष्ट टीएमसीची गोष्ट वेगळी. ते निसर्गाने वाशिष्ठीला दिलेलं नाही आणि त्याचा हिशेब मागायचा हक्क महाराष्ट्रातल्या प्रत्येक तहानलेल्या तालुक्याला आहे. पण ते खालून उपसून घाटावर न्यायची भाषा आमच्याकडचे पुढारी करतात ती मला पटत नाही. जे पाणी पावणेपाचशे मीटर खाली पडताना वीज देतं, तेच तेवढं वर चढवायला त्याहून जास्त वीज मागतं. आणि ते पाणी पाडणं बंद करायचं तर ती वीज जाणार, जिच्यावर आमच्या जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्याही चालतात. मराठवाड्याने आपली मागणी घाटमाथ्याजवळच्या पाण्यावर रेटावी. दमणगंगा आणि वैतरणेचं पाणी गोदावरीत वळवण्याच्या योजना कागदावर आहेत, त्या जमिनीवर उतरवायला लावाव्या, आणि त्यातही खाली खाडीला किती सोडायचं याचा आकडा आधी ठरवून घ्यावा. वरच्या धरणांतून जायकवाडीला न्याय्य वाटा मिळावा म्हणून आपण नाशिक-नगरशी भांडतो, ते आपण खालचे आहोत म्हणून. खाडी सगळ्यांत खालची. आपल्यासाठी मागतो तो न्याय तिलाही लागू आहे.

जालना-परभणी-बीडकडच्या पाणी परिषदांत जे बोलतात, ठराव मांडतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की एकदा कुंभार्ली उतरा. कार्तिक ते माघ हे दिवस चांगले. गोवळकोटला होडी मिळते. ओहोटीबरोबर निघा, दाभोळला मुक्काम करा, आणि जमलं तर मे महिन्यात पुन्हा जाऊन वरच्या वाड्यांतले टँकर बघा. होडी ठरवताना तारीख सांगू नका, तिथी सांगा. निघायची वेळ तांडेल त्यावरूनच काढतो.